गिऱ्हाईकाची झोळी

मास्तरांनी शिवलेला गणवेश पोराला एका वर्षात तोकडा झाला, असं कधी झालं नाही. त्यांचं दुकान शाळांच्या गणवेशांवरच चालायचं आणि त्यांचं नाव होतं ते या एका गोष्टीसाठी. चड्डीच्या पायाशी, बाहीच्या टोकाला, पाठीच्या शिलाईत ते जास्तीचं कापड आत दाबून ठेवायचे. पोर वाढलं की आईने गणवेश घेऊन यायचं, मास्तरांनी टाके उसवायचे, आतलं कापड बाहेर सोडायचं. पोर पुन्हा वर्षभर मोकळं. "वाढत्या अंगाचं आहे, जागा नको का ठेवायला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माप घेऊन झालं की ते पोराच्या डोक्यावरून खडूचा हात फिरवत, आणि पोरं केसांत पांढरा पट्टा घेऊन घरी जात.

दुसऱ्याही एका गोष्टीसाठी त्यांचं नाव होतं, पण ती तितकीशी चांगली नव्हती. मास्तर शब्दाचे पक्के, मात्र तो शब्द 'उद्या' हा असायचा. गणवेश कधी मिळेल? उद्या. बटण कधी लागेल? उद्या. गिऱ्हाईक चिडलं तरी उद्या, हसलं तरी उद्या. शिवणाऱ्या माणसाला हा शब्द लागतोच, त्याशिवाय त्याचा दिवस पुढे सरकत नाही. पण मास्तरांचा उद्या जरा जास्तच लांबायचा, आणि शाळा उघडायच्या हंगामात तर त्याला धरबंध राहायचा नाही. काम मात्र असं असायचं की तावातावाने भांडायला आलेली बाई शिलाई उलटी करून बघायची आणि गप्प पिशवीत घालून निघून जायची.

पुढे दुकान, मागे एक खोली, तिला लागून मोरी आणि गल्लीत उघडणारी खिडकी. एवढ्यात दोघं राहायची, मास्तर आणि त्यांची मोठी बहीण आक्का. मास्तरांचं लग्न राहूनच गेलं. "तेही त्याने उद्यावरच टाकलं होतं," असं आक्का आल्यागेल्याला सांगायची, आणि मास्तर मशीनवर मान खाली घालून हसायचे.

त्यांच्या हाती सुई दिली ती आक्कानेच. पुढे मास्तर मशीनवर बसायला लागले आणि हाताचं काम आक्काकडे राहिलं. काज, बटणं, तुरपाई. गर्द निळ्या कापडावर निळ्याच दोऱ्याने काज करायचे म्हणजे डोळ्यांची परीक्षा. एका हंगामात ती म्हणाली, "अरे, सुईचं भोक धुरकट दिसतंय मला." समोर गणवेशांचा ढीग पडलेला. मास्तर म्हणाले, "हा सीझन उरकू दे, उद्या दाखवू डॉक्टरला." आक्काने मान डोलावली आणि पुढचं काज करायला घेतलं. ती कधी कुरकुर करणाऱ्यांतली नव्हतीच. तो उद्या उजाडला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. त्यानंतर वर्षादोन वर्षांत आक्काला उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. तिने त्यावरून मास्तरांना एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना कितीदा तरी वाटे.

नजर गेली तरी आक्काची बोटं गेली नव्हती. दुकानात येऊन ती कापडाच्या गठ्ठ्यावरून हात फिरवायची आणि सांगायची, हे सुती, हे मिसळीचं, हा तागा धुतल्यावर आटणार. शर्ट हातात घेऊन आतल्या शिलाया चाचपायची. "कॉलरपाशी टाका सुटलाय बघ." मास्तर चष्मा सारून बघायचे, टाका सुटलेला असायचाच.

खिडकीच्या वर, पत्र्याच्या आडोशाला होला पक्ष्यांच्या जोडीने घरटं केलं होतं. होल्याचं घरटं म्हणजे नुसता विस्कटलेला काड्यांचा पसारा, त्यात चार दिवस काही टिकेल तर शपथ. एका वादळी दुपारी ते अख्खं खाली आलं, त्यातून दोन पिल्लं खिडकीत पडली. मास्तर त्यांना बाहेर ठेवायला निघाले होते. आक्का म्हणाली, "दे इकडे." चिंध्यांची टोपली रिकामी करून तिने दोघांना आत ठेवलं, आणि धान्य भिजवून बोटाने भरवायला लागली. बऱ्याच वर्षांनी तिला हाताला काम मिळालं होतं.

पंचाईत एकच झाली. दोघांतलं एक पिल्लू दांडगं होतं, एक अशक्त. दांडगं चोच पुढे करून दुसऱ्याचाही घास खायचं, आणि आक्काच्या बोटांना दोघं सारखीच लागायची. "कोणाला दिलं आणि कोण राहिलं, तेच कळत नाही रे," ती म्हणाली. मग मास्तरांनी बटणाचा जाड दोरा घेतला, अशक्त पिल्लाच्या पायात बांधला आणि एक बारीक शेपटी बाहेर ठेवली, आक्काच्या बोटाला लागावी म्हणून. गाठ त्यांची नेहमीची, ना सुटणारी ना सरकणारी. दोरा पायाला बेताचा बसला होता. जन्मभर पोरांच्या कपड्यांत जागा सोडणाऱ्या माणसाने त्या काडीएवढ्या पायाला जागा सोडली नाही. पाय वाढेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

दोऱ्याने काम चोख केलं. अशक्त पिल्लाला दुप्पट घास मिळाला आणि ते बाळसं धरायला लागलं. दांडगं पंख फुटल्याबरोबर खिडकीतून गेलं ते गेलंच, मागे वळून बघितलं नाही. हे मात्र राहिलं. सकाळी दुडूदुडू चालत दुकानात यायचं, कापायच्या टेबलावर चढून बसायचं, मास्तरांच्या खडूला चोच मारायचं. "रोज येतं, सगळं बघतं, घेत काही नाही," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईकच आहे." तेच नाव पडलं. मशीन सुरू झालं की गिऱ्हाईक गळा फुगवून घुमायला लागायचं आणि मशीन थांबलं की गप्प. माप द्यायला आलेली पोरं त्याला हात लावल्याशिवाय हलायची नाहीत. दुपारी ते आक्काच्या मांडीवर जाऊन झोपायचं. बहीण-भाऊ आता एकमेकांशी पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले होते, आणि बोलणं बहुतेक गिऱ्हाईकाविषयीच असायचं.

दोरा तसाच राहिला. तो काढायचं कारण कोणाला पडलं नाही.

हंगाम आला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मास्तरांना जेवायची शुद्ध नाही. अशात एकदा आक्का दारात येऊन म्हणाली, "अरे, त्या दोऱ्याची शेपटी लागत नाही बोटाला. आत गेल्यासारखा वाटतोय. पायही सुजलाय जरा. बघ ना."

"अगं, माझी गाठ आहे ती. आवळायची नाही," मास्तर मशीनचं चाक न थांबवता म्हणाले. "उद्या कापून टाकतो."

आक्का आत गेली. गिऱ्हाईक लंगडतंय हे मास्तरांनाही दिसत होतं, पण ते मुळातलंच अशक्त, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. हंगामात माणूस आपल्या सोयीचं ते ठरवतो. गठ्ठ्यामागून गठ्ठे गेले. मग एका सकाळी गिऱ्हाईक टेबलावर चढलंच नाही. मास्तरांनी उचलून पाहिलं तर दोऱ्याच्या खालचा पाय काळा पडला होता, वाळलेल्या देठासारखा. दोरा दिसतच नव्हता. कातडी त्याच्यावरून वाढली होती. बाहेर गिऱ्हाइकं हाका मारत होती आणि मास्तर त्याला चिंध्यांच्या टोपलीत ठेवत होते.

जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या रांगेत चिंध्यांची टोपली मांडीवर घेऊन ते बसले. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. तिने बारीक चिमट्याने दोरा काढून टेबलावर ठेवला. मास्तरांची गाठ तशीच शाबूत होती.

"हा कोणी बांधला?"

"मी," मास्तर म्हणाले.

तिने दोरा बाजूला सारला. "पाय गेलाय, मास्तर. तो काढावाच लागेल. पुढचं तुम्ही ठरवा. एका पायावर पाखरं जगतात, नाही असं नाही. पण सगळा भार त्या एका तळव्यावर येतो. तळवा फुटला की मग हाल सुरू होतात. मऊ बैठक हवी, रोज पट्टी हवी, सारखं कोणीतरी जवळ हवं. हे जमणार नसेल तर मी आत्ताच त्याला कायमचं झोपवते. त्याला कळणारही नाही. त्यात तुम्ही वाईट करताय असं मुळीच नाही."

विचार करायला मास्तरांना वेळच लागला नाही, आणि त्यांनी तो केलाही नाही. घरी जाऊन आक्काच्या हातात रिकामी टोपली द्यायची, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. "ठेवायचं," ते म्हणाले. "जमेल. आम्ही दोघं आहोत."

घरी आल्यावर मात्र खोटं बोलवेना. "दोऱ्यानेच गेला पाय," ते म्हणाले. आक्का म्हणाली, "मेलेला पाय कुठे ठेवला?"

"तिथेच राहिला."

"बरं," आक्का म्हणाली आणि टोपलीत हात घालून गिऱ्हाईकाच्या पाठीवर ठेवला. तिने चार शब्द सुनावले असते तर त्यांना रडता तरी आलं असतं.

मग मास्तरांनी एक झोळी शिवली. गिऱ्हाईक झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाईकाचं माप घेतलं, छातीचं, पाठीचं, शेपटीपर्यंतचं. अस्तराचं मऊ कापड काढलं. पायासाठी एक भोक ठेवलं, मागे घाणीसाठी एक, आणि भोकांच्या कडा काजासारख्या हाताने गुंफल्या, कुठे काचू नये म्हणून. स्टूल उलटं करून त्याच्या चारी पायांना झोळीचे बंद बांधले. गिऱ्हाईक तिच्यात तरंगत बसायचं. एकच पाय खाली, तोही कापसाच्या गादीला जेमतेम टेकलेला. आक्काने झोळी आतून-बाहेरून चाचपली आणि म्हणाली, "गाठी कुठे आहेत?"

"गाठ नाहीच ठेवली," मास्तर म्हणाले. "सगळे टाके उलटे घेऊन जिरवलेत."

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. स्टूल मशीनशेजारी ठेवायचं. मशीन सुरू झालं की गिऱ्हाईक घुमायचं. माप द्यायला आलेली पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसायची, आणि कोणी विचारलंच की ह्याचा पाय कुठे गेला, तर मास्तर म्हणायचे, "माझ्यामुळे गेला." पोरांना ती थट्टा वाटायची. सकाळी मास्तर तळव्याची पट्टी बदलायचे, दिवसभर आक्का हातावर दाणे धरून बसायची. डॉक्टरीणबाई एकदा स्वतः येऊन झोळी बघून गेली आणि तिने तोंडभर कौतुक केलं. त्या दिवशी मास्तर सबंध दुपार गुणगुणत होते.

एका सकाळी पट्टी सोडताना त्यांना तळव्यावर लाल ठिपका दिसला. मलम आणलं. गादी बदलली. ठिपका मोठा झाला, मग त्याचं तोंड उघडलं. गिऱ्हाईकाचं खाणं कमी झालं, आणि घुमणंही. मास्तरांनी आक्काला सांगितलं, त्याला आता उचलू नकोस, पायाला हिसका बसतो. हे अर्धं खरं होतं. बाकीचं अर्धं असं होतं की गिऱ्हाईक हलकं व्हायला लागलं होतं, आणि ते आक्काच्या हाताला कळू नये.

"खाल्लेलं अंगी लागतंय ना रे?" आक्का विचारायची.

"लागतंय ना. चांगलं भरलंय आता."

"माझ्या हातावरचे दाणे तर तसेच राहतात."

"मी भरवतो की मागाहून," मास्तर म्हणायचे आणि मशीन जोरात चालवायला लागायचे.

हलकं झालेलं पाखरू झोळीत एका बाजूला कलायचं, पायाच्या भोकातून घसरायचं. मग मास्तर झोळी सोडून आणायचे, दोन्ही बाजूंनी कापड आत घ्यायचे, टीप मारायचे आणि पुन्हा बांधायचे. काही दिवसांनी पुन्हा सैल. पुन्हा आत घ्यायचं. जन्मभर त्यांनी आतलं कापड बाहेर सोडलं होतं. दरवर्षी नव्या वर्गात जाणाऱ्या पोरांसाठी हेच तर करत आले होते. आता बाहेरचं कापड आत घेताना टीप वाकडी पडायची. वाकडी टीप तशीच ठेवायचे. उसवून पुन्हा मारायचा धीर नव्हता. डॉक्टरीणबाईकडे जायला हवं, हे त्यांना कळत होतं. ती काय म्हणेल तेही कळत होतं. म्हणून रोज संध्याकाळी ते स्वतःलाच सांगायचे, उद्या जाऊ.

झोळी धुवायचं काम मास्तर आक्काला करू देत नसत. एका सकाळी शाळेची मोठी ऑर्डर न्यायला माणसं आली, गडबड उडाली, आणि खराब झालेली झोळी मोरीत तशीच राहून गेली. गिऱ्हाईक दुकानात उशीवर होतं. माणसं गेली, मास्तर मशीनवर बसले. थोड्या वेळाने त्यांना पाण्याचा आवाज आला. उठून जावं असं मनात आलं. पण उठले नाहीत.

आक्का ओली झोळी हातात घेऊन दारात उभी राहिली. पाणी टपटपत होतं.

"मशीन थांबव जरा."

मास्तरांनी चाकावर हात ठेवला.

आक्काची बोटं झोळीच्या एका कडेवरून फिरत होती. एका शिलाईवर थांबली, मग तिच्या आतल्या, मग तिच्याही आतल्या शिलाईवर. "किती वेळा आत घेतलंस हे?"

"अगं, धुऊन धुऊन कापड आटतं," मास्तर म्हणाले. ज्या बाईने त्यांना कापड ओळखायला शिकवलं तिलाच ते हे सांगत होते.

"आटलंय ते कापड नाही," आक्का म्हणाली. "दे त्याला माझ्याकडे."

मास्तर उठले. उशीवरून गिऱ्हाईक उचललं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. आक्काने ओंजळ जराशी वरखाली करून पाहिली. छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला. तळव्याची पट्टी चाचपली. पट्टीवर बोट टेकताच गिऱ्हाईक आखडलं. आवाज काही केला नाही.

"अरे, हे तर निघून चाललंय," ती म्हणाली. "आणि तू मला सांगत होतास की भरलंय."

"मला नाही जमत, आक्का." मास्तर म्हणाले. "माझ्या हाताने पाय गेला त्याचा. आता मीच नेऊन... मला नाही जमत गं."

"तुझ्या हाताने दोरा बांधला म्हणून ते जगलं, तेही धर ना," आक्का म्हणाली. "नाहीतर दांडग्याने त्याला टोपलीतच संपवलं असतं. दोन्ही तूच केलंस. पण आता त्याला ठेवलंय ते त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. दुखतंय त्याला. मला दिसत नाही, म्हणून तू मला फसवलंस. तुला तर दिसत होतं ना?"

मास्तर उभ्या उभ्या रडायला लागले. भर सकाळी, उघड्या दुकानात. आक्काने त्यांना रडू दिलं.

"ने त्याला बाईंकडे."

"नेतो," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "उद्या सकाळी दवाखाना उघडला की पहिला..."

"उद्या नको रे," आक्का म्हणाली. "आज."

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांच्या उद्याला नाही म्हटलं होतं. डोळ्यांच्या वेळी म्हटलं नव्हतं, दोऱ्याच्या वेळी म्हटलं नव्हतं. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथे राग शोधला, तो नव्हता. ती फक्त त्यांच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून वाट बघत होती.

त्यांनी तिच्या हातातून झोळी घेतली. टेबलावर पसरली, बारीक कात्री घेतली आणि टाके उसवायला लागले. शेवटी मारलेली वाकडी टीप आधी, मग तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची. आत घेतलेलं सगळं कापड त्यांनी सोडून टाकलं, पहिल्या दिवशी होतं तितकं. उसवल्या जागी भोकांच्या रांगा राहिल्या होत्या. त्यांवरून त्यांनी इस्त्री फिरवली आणि झोळी कोरडी होईतो फिरवत राहिले. मग ऊनऊन झोळीत गिऱ्हाईकाला ठेवलं. ते एका कोपऱ्यात मावलं, बाकी सगळं कापड मोकळंच पडलं. आक्काने त्याच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं, मानेपर्यंत, आणि हात मागे घेतला.

एक बाई पोराला घेऊन माप द्यायला आली होती. "मास्तर, कुठे निघालात? आमचं माप?"

"उद्या या," आतून आक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाईने गिऱ्हाईकाला एकदा हातात घेतलं, पट्टी सोडून तळवा पाहिला आणि मान हलवली. पुन्हा त्याला झोळीत ठेवताना मात्र ती थांबली. आधी आली होती तेव्हाची झोळी तिच्या लक्षात असावी. सैल, मोठं कापड तिने बोटांनी सारखं केलं.

"एवढ्याशा पाखराला एवढी मोठी कशाला, मास्तर?"

"वाढत्या अंगाचं आहे," मास्तर म्हणाले. "जागा नको का ठेवायला?"

तिने सुई भरायला घेतली. मास्तरांनी झोळी दोन्ही हातांनी खालून धरली, आणि सगळं होईपर्यंत तशीच धरून ठेवली.